महोत्सवाचा मांडव दोन दिवसांचा. माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला, दुधासारखा पैशाचा ठरलेला दिवस हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यात शेतकरी गट, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि शहरातली काही घरे मिळून थेट भाजी, आजरा घनसाळ तांदूळ, नाचणी आणि बिनरसायनी गूळ यांची देवघेव उभी करू पाहत आहेत. त्यांचे कौतुक होते, महोत्सव भरतात, दोन दिवसांत माल संपतो. याचा आनंदच आहे. पण पुढच्या हंगामात रानात काय लावायचे, हा शेतकऱ्याचा निर्णय मांडवातल्या विक्रीने बदलत नाही. तो कशाने बदलतो आणि कुठे अडतो, हे तपशिलात मांडावे म्हणून हे पत्र.

ऊस पाणी पितो, जमीन बिघडवतो, शिरोळ तालुक्यात क्षारपड वाढली, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तरी तो ऊसच लावतो, कारण उसाला घेणारा ठरलेला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागते. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. तोडणी-वाहतूक वजा जाते, हप्त्यांवरून आंदोलने होतात, तरी आकडा आधी माहीत असतो. दुधाचे तसेच. गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ माप होते, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) मोजले जाते, दहा दिवसांनी बिल निघते, दिवाळीला दरफरक मिळतो. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाने आणि गावोगावच्या संस्थांनी ही शिस्त घराघरात नेली. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला कुठल्या तारखेला किती पैसे येणार हे सांगता येते.

माळव्याला यातले काहीच नाही. पहाटे माल बाजारात टाकायचा आणि दुपारी हातात पडेल ती पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) घ्यायची. कधी मेथीची जुडी मातीमोल जाते, कधी तीच सोन्याच्या भावाने विकली जाते, आणि दोन्ही वेळा लावणारा अंधारातच असतो. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. दार उघडले, पण दाराबाहेर ना काटा होता, ना सावली, ना ठरलेला घेणारा. तो मधला भाग आता हे छोटे गट बांधत आहेत. त्यांचे काम नेमके काय असते, हे शहरातल्या वाचकाला सहसा दिसत नाही.

पहिले काम लावणीच्या वेळापत्रकाचे. शंभर घरांना आठवड्याला प्रत्येकी पाच किलो माळवे द्यायचे, तर आठवड्याला पाचशे किलो लागते. ते कुठून येणार याचा हिशेब गुंठ्यात करावा लागतो. त्याला एक सोपी किल्ली आहे: हेक्टरी जितके टन, त्याच्या दहापट किलो गुंठ्याला. भेंडी हेक्टरी दहा टन धरली तर गुंठ्याला शंभर किलो, तीही सुमारे आठ आठवड्यांच्या तोड्यांत, म्हणजे आठवड्याला बारा किलो. शंभर घरांना अर्धा-अर्धा किलो द्यायची तर पन्नास किलो हवी, म्हणजे चार गुंठे. कीड-पावसाची तूट धरून पाच गुंठे लावावेत, आणि तेही दोन शेतकऱ्यांकडे, एकाकडे नव्हे. मेथीचे गणित वेगळे. ती एकदाच उपटली जाते. गुंठ्यात साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो निघते आणि शंभर जुड्यांना पंचवीस-तीस किलो पुरते. म्हणून एकदम पाच गुंठे पेरायचे नाहीत. दर आठवड्याला अर्ध्या गुंठ्यापेक्षा जास्त पेरू नये. नवे गट हमखास इथे चुकतात. सगळे एकाच वाफशाला पेरतात, पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी सगळ्यांची मेथी एकदम येते, त्या आठवड्यात निम्मी गुरांपुढे जाते आणि पुढचे तीन आठवडे टोपलीत पालेभाजीच नसते. मग ग्राहक गळतात आणि दोष सेंद्रिय शेतीला लागतो.

पावसाळ्याचे वेळापत्रक आणखी निराळे. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा पट्ट्यात उघड्यावर मेथी-कोथिंबीर टिकत नाही. त्या दोन महिन्यांत मांडवावरचा दोडका, दुधी, कारले, आणि टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्याच टोपलीत असायला हव्यात. त्या कशा निवडायच्या आणि शिजवायच्या, याची चिठ्ठी सोबत दिली तर खपतात, नाहीतर कचराकुंडीत जातात.

यासाठी ऊस उपटून टाकायची गरज नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. चार-पाच फुटी सरीत पहिले तीन महिने उसाला सगळी जागा लागत नाही. पूर्वहंगामी (पावसाळ्यानंतरच्या) लावणीत कांदा, कोबी, हरभरा, आणि सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) उसात मेथी, कोथिंबीर, भुईमूग निघतो. पथ्ये दोन आहेत. मक्यासारखे उंच पीक घ्यायचे नाही, आणि मोठ्या बांधणीच्या (उसाला मातीची भर देण्याच्या) आधी रान मोकळे करायचे. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवू नये. पाचटाच्या टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून ते सरीतच कुजवले तर ओल राहते आणि तणही दबते. सेंद्रिय गटातल्या शेतकऱ्याने युरिया-सुपर फॉस्फेटऐवजी शेणाची स्लरी वापरावी. कुजायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच.

ऊसपट्ट्यात माळवे करणाऱ्याचा खरा शत्रू मात्र बांधापलीकडे असतो. शेजारच्या उसात तणासाठी टू-फोर-डी फवारले आणि वारा इकडचा असला, की चार-पाच दिवसांत टोमॅटोची शेंड्याची पाने सुरळी होऊन दोरीसारखी अरुंद निघतात, देठ मुरडतात, वेलांचे शेंडे वाकडे होतात. पुष्कळांना तो व्हायरस वाटतो आणि ते त्यावर आणखी एक फवारणी करतात. ओळखायची खूण अशी: व्हायरस रानात इकडे-तिकडे ठिपक्यांनी दिसतो, तणनाशकाचा मार बांधाकडून आत पट्ट्याने कमी-कमी होत जातो. या औषधाचा ईस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन जास्त लांब जातो. सोडियम सॉल्ट किंवा अमाईन प्रकार त्या मानाने कमी उडतो. म्हणून गटाने शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे: ईस्टर नको, फवारणी वारा पडलेला असताना सकाळी, आदल्या दिवशी निरोप, आणि तो पंप माळव्याला कधीच वापरायचा नाही. बांधावर शेवरीची दाट ओळ असली तर आणखी बरे. पीजीएस (शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी देण्याच्या) पद्धतीने सेंद्रिय प्रमाणपत्र घेणाऱ्या गटात किमान पाच शेतकरी लागतात आणि ते एकमेकांची राने तपासतात. ही तपासणी नुसती सहीपुरती केली, तर बांधाकडची ती मुरडलेली पाने कागदावर कधीच येत नाहीत.

दुसरे काम दर आणि पैशाचे. इथे सर्वात जास्त गट मोडतात. ‘बाजारभाव अधिक दहा टक्के’ हे सूत्र ऐकायला गोड आहे, पण चालत नाही. बाजार कोसळला की दहा टक्क्यांनी काही भागत नाही, आणि बाजार चढला की ग्राहक पळतो. त्यापेक्षा तीन-तीन महिन्यांचा दर आधी बसून ठरवावा: बियाणे, मजुरी, खत, पाणी आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धा धरून. घरच्या बाईने खुरपले ते फुकट, असा हिशेब करणाऱ्या गटाला न्याय्य म्हणता येणार नाही. ग्राहकाच्या चाळीस रुपयांची एक चालण्याजोगी वाटणी अशी: अठ्ठावीस शेतकऱ्याला, चार वाहतुकीला, तीन निवडणी-बांधणी करणाऱ्या महिलांना, दोन नासाडीला, तीन काटा, हिशेब आणि फोनला. नासाडीचे दोन रुपये धरले नाहीत तर ते गुपचूप शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जातात, आणि मग आपण बाजारातल्या कडत्यापेक्षा (वजनातल्या कपातीपेक्षा) वेगळे काय केले? इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनचा शिक्का लागतो. तो मारलेला काटा गावातच ठेवावा, वजन शेतकऱ्यासमोर व्हावे, चिठ्ठी तिथेच मिळावी.

ठरलेला दर दोन्ही बाजूंनी पाळला जायला हवा. बाजारात टोमॅटो चढले की शेतकऱ्याला मोह होतो, उतरले की ग्राहकाला. म्हणून कबूल केलेल्या मालाचा ऐंशी टक्के भाग गटाला द्यायचाच, उरलेला वीस टक्के हवा तिथे विकायची मोकळीक, असा नियम टिकतो. शंभर टक्क्यांचा आग्रह धरला तर चोरून विक्री सुरू होते. ग्राहकानेही महिन्याचे पैसे आगाऊ भरावेत आणि टोपलीत येईल ते घ्यावे. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या फक्त टोमॅटो’ असा निरोप येतो, तेव्हा तोडणी होऊन गेलेली असते.

आगाऊ पैशाचे महत्त्व हिशेबात दिसते. पाचशे किलो गुणिले अठ्ठावीस म्हणजे आठवड्याला चौदा हजार रुपये शेतकऱ्यांना द्यायचे. ग्राहक महिनाअखेर देणार आणि शेतकऱ्याला दर दहा दिवसांनी द्यायचे, तर महिनाअखेरीपर्यंत साठ हजारांपर्यंत रुपये अडकतात. बचत गटाला ते कुठून आणायचे? ग्राहकांनी महिन्याच्या एक तारखेला पैसे भरले, तर हे भांडवल लागतच नाही. दहा दिवसांचे बिल पाळणे हे आमच्या मते सेंद्रिय प्रमाणपत्राइतकेच मोलाचे आहे.

माल टिकवण्याचे तंत्र अवघड नाही, पण हात वळवावे लागतात. मेथीची मुळे धुवावीत, पाने ओली करू नयेत. ओली जुडी पोत्यात घातली की दुसऱ्या दिवशी मधून काळी पडते. टोमॅटो टोकाला लाली दिसताच तोडावा. वांगे देठासह काढावे. भेंडी एक दिवसाआड तोडायचीच, एक तोडा चुकला की ती जून होते. म्हणून रविवारचा माल कोण घेणार, हे आधी ठरलेले असावे. क्रेटमध्ये वीस किलोच्या वर भरू नये. उन्हाळ्यात विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष चांगला चालतो: विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंचाची फट, फटीत वाळू, सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओल्या गवताचे झाकण. शंभरेक किलो माल त्यात बसतो आणि बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार राहतो. पण तो पाण्याची वाफ होण्यावर चालतो. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, हे न सांगता कुणी बांधून देत असेल तर त्याला विचारावे.

भात-नाचणीत अडचण गिरणीपाशी आहे. घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण डांबरी रस्त्यावर कडक उन्हात वाळवलेल्या भाताचा दाणा तडकतो आणि भरडताना कणी होते. ताडपत्रीवर, फार पातळ नाही अशा थरात, हलवत, ओल तेरा-चौदा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावे. शंभर किलो भाताचे साधारण पासष्ट किलो तांदूळ होतात, हे ग्राहकाला सांगितले की दर महाग का, हा प्रश्न निम्मा सुटतो. नाचणी जमिनीवर मळली की खडा येतो, आणि एकदा दाताखाली खडा आला की ते घर पुन्हा नाचणी घेत नाही. चार-पाच गावांत मिळून खडे काढायचे एक यंत्र बसवणे, हे जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. गुळाबद्दल एवढेच: पिवळाधमक मागू नये. हायड्रोस हे रसायन घालून आणलेला उजळपणा साठवणीत उतरतो. भेंडीच्या चिकाने मळी काढून ११८ अंशांच्या आसपास उतरवलेला गूळ तांबूसच असतो.

सगळेच जिल्ह्यातले खाऊ, असा हट्ट मात्र नको. कांदा-बटाटा बाहेरून येत राहील, त्यात गैर नाही. उलट पुराने आपल्याला दुसरी बाजूही दाखवली आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शिरोळचे मळे बुडाले, शहरात भाजी मिळेना. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. गटाचे लावणीदार नदीकाठच्या एकाच पट्ट्यात असतील, तर पातळी ३९ ला पोहोचण्याआधी तोडणी उरकायला हवी, आणि पुढच्या आठवड्याची टोपली शाळू ज्वारी, हरभरा डाळ, नाचणी पीठ, लसूण अशी कोरडी असायला हवी. पूर्व गडहिंग्लज आणि पन्हाळ्याच्या वरच्या अंगाचे शेतकरी गटात असणे ही गरज आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. माळवे प्रत्यक्ष करणाऱ्या कितीतरी बायकांच्या नावावर सातबारा नसतो. कुणी वाट्याने करते, कुणी खंडाने, कुणी नवऱ्याच्या रानात. गटाचे सभासदत्व सातबाऱ्यावर ठेवले की बिल नवऱ्याच्या खात्यात जाते आणि सभेला तोच येतो. उत्पादक कंपनीच्या कायद्यात ‘उत्पादक’ म्हणजे जमिनीचा मालकच असे म्हटलेले नाही. शेतमाल पिकवण्याचे काम करणारी कुणीही व्यक्ती त्यात येते. तेव्हा सभासदत्व लावणीच्या नोंदीवर द्यावे आणि बिल जिने माल आणला तिच्या खात्यावर जावे. यासाठी कायदा बदलायची गरज नाही, ठराव पुरेसा आहे.

आता मागणी. शाळांच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. पहिल्या गटात १२० आणि दुसऱ्यात ८० मुले असलेल्या शाळेला रोज बारा किलो भाजी लागते, म्हणजे आठवड्याला साठ-सत्तर किलो. अशा दहा शाळा म्हणजे शंभर घरांच्या टोपलीपेक्षा मोठी मागणी. केंद्राच्या या योजनेत शेतकरी कंपन्या आणि महिला गटांना जोडून घेण्याची भूमिका २०२१ पासून आहे. तांदूळ सरकारकडून येतो, भाजी स्थानिकच घ्यायची असते. तरी गट कचरतात ते बिलापायी. दहा शाळांचे तीन महिन्यांचे पैसे थकले तर अठ्ठावीस रुपये दराने दोन लाखांवर रक्कम अडकते, आणि एवढ्याने बचत गट बसतो. तेव्हा जिल्हा परिषदेने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक तालुक्यातल्या दहा-दहा शाळांची भाजी लेखी कराराने जवळच्या गटाकडे द्यावी, आणि गटाचे बिल दहा दिवसांत देता यावे म्हणून फिरता निधी ठेवावा. शाळा दिवाळीत आणि मेमध्ये बंद असतात, म्हणून वसतिगृहे, रुग्णालयांची स्वयंपाकघरे, मंदिरांची अन्नछत्रे यांनीही आठवड्याचा ठरावीक वाटा घ्यावा. महानगरपालिकेने प्रत्येक प्रभागात आठवड्यातून दोन सकाळी सावली, पाणी आणि काटा असलेला ओटा गटांसाठी राखावा.

आणि हा निर्णय जूनमध्ये घेऊन चालणार नाही. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. वांग्याला रोप पाच आठवड्यांचे आणि लावणीनंतर साठ-पासष्ट दिवसांनी पहिला तोडा, म्हणजे बी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवे. दोडका एप्रिलच्या मध्याला आणि भेंडी एप्रिलअखेर. शाळांची यादी, पटसंख्या आणि दर गटांच्या हातात फेब्रुवारीअखेर पडले, तरच शाळेच्या पहिल्या आठवड्याच्या ताटात इथले माळवे असेल.

आपले,
शेतकरी-ग्राहक गटांसोबत काम करणारे कार्यकर्ते,
कोल्हापूर